सहकुटुंब, विनापरिवार

लग्नपत्रिकेत एक वाक्य हमखास असतं. 'आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे.' इतकी वर्षं मी समजत होतो की छापखानेवाल्याकडे जागा उरते, म्हणून तो एकच गोष्ट दोनदा छापतो. पण तसं नाही. कुटुंब म्हणजे बायको. आमचे आजोबा पाव्हण्यांना आजीची ओळख करून देताना 'हे आमचं कुटुंब' असंच म्हणत आणि आजी दाराआडून पदर सावरत. परिवार म्हणजे मागची लेकराबाळांची फौज. दोन्ही खाती वेगळी आहेत. हा फरक मला बी. कॉम. होऊन कळला नाही, बँकेत वीस वर्षं जमा-खर्च मांडून कळला नाही. तो कळण्यासाठी मुंबईला जाऊन एका 'फॅमिली क्रूझ'वर चढावं लागलं.

बोटीचं नाव सांगत नाही. खातेदाराची माहिती बाहेर द्यायची नाही, ही नोकरीची सवय आहे. शिवाय दोष बोटीचा होता, की शब्दाचा, की आमचा, याचा ताळेबंद अजून जुळायचा आहे.

आता सुलतानपूरच्या माणसाला समुद्राची हौस कशी लागली, असं कोणी विचारील. आमच्यापासून मुंबईचा समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. तरी आमच्या तालुक्याला खाऱ्या पाण्याचं अप्रूप नाही. दहा-बारा किलोमीटरवर लोणारचं सरोवर आहे. आकाशातून उल्का पडली, काळ्या दगडात पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला आणि त्यात खारं पाणी साठलं. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा साऱ्या जगाने फोटो पाहिले, आणि आम्ही जवळ राहून टीव्हीवरच पाहिले. तेव्हा खारं पाणी आमच्याकडे आहे. फक्त त्यात बोट नाही, आणि असती तरी फिरून फिरून तिथेच आली असती.

क्रूझसुद्धा नेमकी तशीच निघाली. 'जायचं कुठं?' असं शाखेतल्या शिपायाने विचारलं. मी म्हटलं, 'कुठं नाही. दोन रात्री समुद्रात हिंडून परत मुंबईलाच.' तो म्हणाला, 'मंग जाताच काहून, भाऊ?' या प्रश्नाचं उत्तर मला परत आल्यावरही देता आलेलं नाही. एल.एफ.सी.च्या अर्जातही 'प्रवासाचं ठिकाण' असा रकाना असतो. त्यात 'समुद्र' असं लिहिता येत नाही. तेव्हा मुंबईपर्यंत बँकेच्या पैशाने आणि पुढे स्वतःच्या, असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे हिच्या. मी क्लार्क माणूस. 2024 च्या करारात आमचं नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं, पण घरातली श्रेणी तीच आहे.

धक्क्यावर तपासणीच्या टेबलाशी एक हसतमुख मुलगी होती. आमची कागदपत्रं पाहिली, आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं. मागे एक खांब होता.

'अँड किड्स, सर?'

'नाहीत.'

'मागून येतायत का?'

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हा प्रश्न आम्हाला नवा नाही. सुलतानपुरात तो सरळ विचारतात, मग दवाखान्याचं नाव सुचवतात, मग देवाचं. पुढे वयाकडे बघून सगळे गप्प होतात, आणि तो गप्पपणा प्रश्नापेक्षा मोठा आवाज करतो. पण 'मागून येतायत का' असं कोणी विचारलं नव्हतं. ही शांतपणे म्हणाली, 'नाही बाई. गाडी चुकली त्यांची.' मुलगी हसली, मी हसलो आणि आम्ही बोटीवर चढलो.

खोली छान होती. आमची योजना 'फॅमिली पॅकेज' होती, कारण त्या आठवड्यात तीच स्वस्त होती. कॉमर्सवाल्याला स्वस्त म्हटलं की बाकीचं बारीक टायपातलं दिसत नाही. खोलीत खाली एक मोठा पलंग आणि भिंतीत दुमडलेले वरचे दोन बर्थ. कपाटात चार लाइफ जॅकेटं, दोन मोठी आणि दोन छोटी. छोटी फार गोजिरवाणी होती. हिने कपाट उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

पहिला कार्यक्रम संकटाच्या कवायतीचा. समीक्षक म्हणून सांगतो, साऱ्या सफरीतला सर्वांत प्रामाणिक प्रयोग हाच. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाली, तेव्हा बोटीत माणसं जास्त आणि जीवरक्षक होड्या कमी होत्या. त्यानंतर 1914 मध्ये देशांनी एकत्र बसून नियम केले आणि ते आजतागायत वाढतच आहेत. आपल्याकडे 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. ती माणसं काही करमणुकीला निघाली नव्हती, घरी निघाली होती. हे ज्याला ठाऊक आहे त्याने कवायतीत हसू नये. मी हसलो नाही. हीच कानात म्हणाली, 'बायका-मुलं आधी म्हणतात ना? म्हणजे आपल्यातली मी जाणार. तुम्ही काय करणार?' मी म्हटलं, 'मी व्हाउचर पास करून येतो.'

नुसतं हिंडण्यासाठी बोटीने जायची ही कल्पना आली कुठून, याची चौकशी मी आधीच केली होती. ती एका हिशेबी माणसाच्या डोक्यातून निघाली, हे वाचून मला भरून आलं. हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन या कंपनीवाल्याच्या मोठ्या बोटी हिवाळ्यात रिकाम्या उभ्या राहत, कारण अटलांटिक ओलांडायला तेव्हा फारसं कोणी येत नसे. त्याने जानेवारी 1891 मध्ये 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात फिरवून आणली. म्हणजे क्रूझ ही मुळात पडून राहिलेल्या मालमत्तेची विल्हेवाट आहे. पुढे 1998 मध्ये डिस्नेवाल्यांनी 'डिस्ने मॅजिक' काढली आणि क्रूझ घरादाराची झाली. 2024 मध्ये आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'ला तर 20 मजले आहेत आणि त्यात लहान मुलांच्या घरांसाठी एक वेगळी वस्तीच आहे. आपल्या कोकण बोटीवर अशी वस्ती वेगळी करावी लागत नव्हती. आमच्या शाखेत पूर्वी एक रत्नागिरीकर साहेब होते. ते सांगत की 'कोकण सेवक' नि 'कोकण शक्ती'च्या डेकवर घोंगडी पसरली की झाली वस्ती! एकाचं पोर दुसऱ्याच्या मांडीवर झोपायचं, तिसऱ्याच्या डब्यातलं खायचं आणि चौथ्याच्या ट्रंकेवर ओकायचं. तिला कोणी 'फॅमिली बोट' म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर. खरं परीक्षण त्याचंच.

सकाळची न्याहारी. इडलीपासून केकपर्यंत एवढे पदार्थ मांडलेले, की कोणता नाही ते शोधायला वेळ लागावा. (ठेचा नव्हता. हिने पर्समधून काढला.) शेजारच्या टेबलावर एक चौकोनी कुटुंब होतं. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली असायचं, अगदी तसं. आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. मी म्हटलं, हेच ते. या बोटीची जाहिरात यांच्यावरून काढली असणार. म्हणून मी दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवायची ठरवली. बँकेत याला ऑडिट म्हणतात, एरवी भोचकपणा.

दहा वाजता मुलांना मुलांच्या क्लबात सोडलं. तिथे दारात हत्तीच्या कापडी पोशाखात एक तरुण उकाड्याने अर्धमेला होऊन नाचत होता. वडील पत्त्यांच्या टेबलाकडे गेले. आई केस करून घ्यायला गेली. दुपारी मुलं वेगळी जेवली, कारण त्यांचा 'पिझ्झा तास' होता. संध्याकाळी जादूचे प्रयोग झाले. जादूगाराने सशाऐवजी कबुतर काढलं, प्रयोग बरा होता. पण मुलगा पुढच्या रांगेत, मुलगी मागे मैत्रिणींत, आई मोबाइलवर आणि वडील बाहेरच. रात्री नऊला 'परफेक्ट फॅमिली' नावाची स्पर्धा होती. तेव्हा सूत्रसंचालकाने माइकवर हाका मारमारून त्या चौघांना चार मजल्यांवरून गोळा केलं. मुलीला विचारलं, 'बाबांचा आवडता पदार्थ कोणता?' तिने आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांना मेजवानीतल्या पंधरा पदार्थांपैकी एकही आठवेना. तरी बक्षीस त्यांनाच मिळालं, कारण बाकीच्यांची पंचाईत याहून मोठी होती.

माझा मुख्य आक्षेप तो हाच. या खेळाचं नाव कौटुंबिक आहे आणि रचना फारकतीची. घरच्यांनी एकमेकांना दोन दिवस सांभाळावं लागू नये, म्हणून सगळी यंत्रणा राबते, आणि लोक त्याचेच पैसे मोजतात. हा काही एका बोटीचा दोष नाही. 'डिस्ने मॅजिक'वरही पहिल्यापासून मोठ्यांसाठी वेगळं हॉटेल आणि वेगळा तलाव होताच. आणि आई-बापाला दोन घटका विसावा मिळाला तर बिघडलं काय? हीच मला म्हणाली, 'तुम्हाला काय कळतंय? ती बाई वर्षात पहिल्यांदा निवांत बसली असेल.' ही जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात अडतीस लेकरं आहेत. या विषयात तिचा अधिकार मोठा, म्हणून आक्षेप निम्म्याने मागे घेतो.

पण उरलेला निम्मा कायम. कारण साऱ्या बोटीवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र असलेलं कुटुंब मोजून एकच दिसलं, आणि त्या कुटुंबाला कुठेच प्रवेश नव्हता. फोटोवाल्याने 'फुल फॅमिली आली की काढू' म्हणून थांबवून ठेवलं. स्पर्धेत नाव द्यायला गेलो तर 'मिनिमम थ्री' म्हणाले. रेशनकार्डावर आम्ही दोन युनिटं का होईना, पण कुटुंब आहोत. सरकारला जे पटतं, ते सूत्रसंचालकाला पटेना.

स्पर्धा संपल्यावर आम्ही डेकवर गेलो. काळं पाणी, दूर एखादा दिवा. बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग मी म्हटलं, 'चुकलंच माझं. स्वस्ताच्या नादात नको त्या बोटीवर आणलं तुला.'

ती म्हणाली, 'माझं नाही हो काही. मी रोज अडतीस जणांत असते. तुम्हीच सकाळपासून त्या चौघांच्या मागं फिरताय. मला वाटलं, तुम्हालाच त्रास होतोय.'

एकोणीस वर्षं मी समजत होतो की जपायचं तिला आहे. तीही तेच समजत होती, फक्त माझ्याबद्दल. दोन्ही बाजूंनी एकच नोंद केलेली, आणि हिशेब कधी ताडून पाहिलेलाच नाही. माझ्या टेबलावर असं घडलं असतं तर मेमो मिळाला असता.

आमचं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आहे. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. हे शब्द मी लोकांच्या फॉर्मवर हजारदा लिहिले असतील. त्या रात्री डेकवर पहिल्यांदा त्यांचा अर्थ कळला आणि मी चटकन म्हटलं, 'चल, खाली आइस्क्रीम आहे, फुकट आहे.'

आता निकाल. जेवण उत्तम. कवायत अत्युत्तम. जादू बरी. हत्ती सहानुभूतीस पात्र. समुद्र अप्रतिम, पण तो बोटवाल्यांच्या खात्यात जमा धरता येत नाही. 'फॅमिली' या शीर्षाखाली मात्र नोंद अपुरी. दुरुस्ती सुचवायची तर एवढीच, की पाटीवर नुसतं 'फॅमिली' न लिहिता पत्रिकेतली दोन्ही खाती लिहावीत. म्हणजे ज्याचं एकच भरलेलं आहे, त्यालाही आत घेता येईल.

रात्री खोलीत आलो तर तिथल्या पोऱ्याने नेहमीच्या सवयीने वरचे दोन्ही बर्थ उघडून, चादरी घालून ठेवलेले. उशीवर दोन छोटी चॉकलेटं. मी ते बंद करायला निघालो, तर ही म्हणाली, 'राहू द्या.' आणि पदर खोचून शिडीवरून वर चढली.

'अगं, पडशील!'

'रेल्वेत दर वेळी वरचा बर्थ तुम्ही घेता. मला कधी मिळालाय का?'

ती वर झोपली. दुसऱ्या बर्थवर आमच्या दोन बॅगा झोपल्या. खालच्या भल्यामोठ्या पलंगावर मी एकटा. थोड्या वेळाने वरून एक चॉकलेट माझ्या पोटावर पडलं. दुसरं तिने खाल्लं असावं.