स्मरणरंजन आणि इतिहासाचे येणे : गिरणगावाच्या निमित्ताने

गतकाळाविषयीची ओढ ही साहित्याची एक मूलभूत प्रेरणा होय. परंतु या ओढीचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा बहुधा दोन टोकांपैकी एकावर स्थिरावते. एक तर ‘स्मरणरंजन’ हा शब्द दूषणासारखा वापरून ती विषय मिटवते, किंवा स्मृतीचे हृद्यत्व हाच वाङ्मयीन गुण मानून मोकळी होते. गतकाळ जेव्हा राजकीय असतो, म्हणजे एखाद्या चळवळीचा, तिच्या गाण्यांचा आणि तिच्या पराभवाचा असतो, तेव्हा या दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. मुंबईच्या गिरणगावाविषयी गेल्या काही दशकांत जे लिहिले, सादर केले आणि चित्रित केले गेले, त्याच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे.

‘नोस्टॅल्जिया’ ही संज्ञा योहानेस होफर याने १६८८ साली बासेल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात घडवली, ती एका व्याधीचे नाव म्हणून. घरापासून दूर गेलेल्यांचे झुरणे हे तिचे लक्षण होते. पुढे या झुरण्याच्या विषयात स्थळाची जागा काळाने घेतली. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये या भावनेचे दोन प्रकार कल्पिले : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा पुनःस्थापक आणि हरवलेपणाकडेच चिकित्सेने पाहणारा चिंतनशील. हा भेद उपयुक्त आहे. मात्र तो स्मरण करणाऱ्याच्या मनोवृत्तीवर आधारलेला आहे. आपल्या संदर्भात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : या स्मरणात कुणाचे काही येणे शिल्लक आहे काय?

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या दृष्टीने आरंभबिंदू ठरते. तिचा प्रकट आशय विरहाचा आहे : पोटासाठी मुंबईत आलेला पुरुष आणि मागे राहिलेली स्त्री. होफरच्या व्याख्येतील घरओढ ती हीच. परंतु रचना पुढे सरकते तसा हा विरह संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या दुराव्याशी जोडला जातो. खाजगी दुःखाला सार्वजनिक पत्ता मिळतो. येथे ओढ राजकारणाच्या विरोधात उभी नाही. तीच राजकारणाची भाषा झाली आहे. हीच छक्कड राजकीय उत्तरार्धावाचून केवळ विरहगीत म्हणून ऐकली, तर मागणी गळते आणि माधुर्य उरते. स्मरणाचे रंजन होते ते नेमके या गळतीच्या जागी.

अर्थात, मागणी टिकवणारे स्मरणही निर्दोष असतेच असे नाही. लाल बावट्याखालील एकजुटीचे जे चित्र आज गहिवराने उभे केले जाते, त्यातून जात सहसा वगळली जाते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो या कारणास्तव अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे अधिक वेतनाच्या कामात, प्रवेश नव्हता, डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उपस्थित केला होता. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक कामगारांतच जात लपवून राहतो. कामगारवर्गाचा सुवर्णकाळ आठवताना ही कथा बाजूस ठेवली, तर आठवण खोटी नसली तरी अर्धी ठरते; आणि तिने बाजूस ठेवलेली माणसे नेमकी तीच असतात, ज्यांना तेव्हाही बाजूस ठेवले गेले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. इतिहासातील ही अपूर्णता जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने आपल्या रूपबंधातच सामावून घेतली आहे. चाळीतील एक खोली, गिरणी कामगाराचे कुटुंब, लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये बुडालेला मोहन, गुन्हेगारीकडे ओढला जाणारा नरू : या घराला परतून जावे असा सुवर्णकाळच नाही. लोकप्रिय संस्कृतीही येथे काळाची गोड खूण म्हणून अवतरत नाही. मोहनचे क्रिकेट हा बेकारीने रिकाम्या केलेल्या दिवसांचा आसरा आहे. गिरणीमालक रंगमंचावर नाहीत. त्यांची सत्ता खोलीतल्या माणसांच्या परस्परांवरील चिडीतून जाणवते. प्रेक्षकाला कारणे शोधावी लागतात, म्हणून त्याची करुणा स्वस्थ बसत नाही.

याच नाटकावर आधारलेल्या ‘लालबाग परळ’ (२०१०) या महेश मांजरेकर यांच्या चित्रपटाने मालकवर्गाला पडद्यावर आणले. माध्यमांतरात हे स्वाभाविक आहे, आणि संपाचे अर्थकारण नव्या पिढीला कळावे हा लाभही मान्य करावयास हवा. परंतु जे नाटकात कोंडलेले होते ते येथे उलगडून सांगितले जाते, आणि पुनर्रचित काळाचा तपशील स्वतःच प्रेक्षणीय होऊ लागतो. फ्रेडरिक जेमसन यांनी ज्याला स्मरणरंजनपर चित्रपट म्हटले, त्याचे लक्षण हेच : भूतकाळ कारणांच्या साखळीऐवजी शैली म्हणून अवतरतो. चित्रपट पूर्णतः या वर्गात मोडत नाही. त्यातील हिंसा तसे होऊ देत नाही. तथापि नाटकातील ‘आता काय?’ हा प्रश्न चित्रपटात ‘तेव्हा काय झाले’ या कथनाकडे झुकतो, हा फरक लहान नव्हे.

या फरकाचे दृश्यरूप लोअर परळला उभे आहे. फिनिक्स मिलच्या आवारातील व्यापारसंकुलात जुनी चिमणी जपली गेली आहे. धूर गेला, भोंगा गेला, पाळी गेली. चिमणी शोभेची झाली. चिन्ह राहिले, पण त्याला अर्थ देणारे श्रमाचे नाते नाहीसे झाले. जी साहित्यकृती गिरणगाव केवळ भोंगा, भजनी मंडळ आणि खानावळ यांच्या यादीतून उभे करते, ती शब्दांत अशीच चिमणी जपत असते.

म्हणून गतकाळाच्या ओढीला सरसकट प्रतिगामी ठरवणे जितके सोपे, तितकेच निरुपयोगी आहे. घरांचा हक्क मागणाऱ्या गिरणी कामगारांच्या वारसांनाही स्मरणाचाच आधार घ्यावा लागला. ते स्मरण दावा म्हणून मांडले गेले. समीक्षेने स्मरणरंजनपर संहितेला विचारावयाचा प्रश्न ती किती हळवी आहे हा नसून, तिने काय जमेस धरले आणि काय फेडले गेल्याचे परस्पर गृहीत धरले, हा आहे. गिरणगावाच्या बाबतीत हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. तो पुरा झाल्याचा भास जी कृती निर्माण करते, ती कितीही हृद्य असली तरी विस्मरणाचेच काम करीत असते.