‘गुड स्पोर्ट्‌स’ : खेळाडूचे निवेदक होणे आणि विनोदाची हुकलेली संधी

खेळाडूने निवेदक होणे हे वरवर पाहता केवळ व्यवसायांतर वाटते. वस्तुतः ते एका प्रकारच्या ज्ञानाचे दुसऱ्या प्रकारात संक्रमण होय. जे शरीराला ठाऊक होते ते आता वाणीने सांगावयाचे असते, आणि तेही घटना घडत असतानाच. या संक्रमणात विनोदाचे बीज स्वभावतःच आहे. ‘गुड स्पोर्ट्‌स’ या अल्पजीवी अमेरिकन विनोदी मालिकेत ते का रुजले नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

सीबीएस वाहिनीवर जानेवारी १९९१ मध्ये सुरू झालेली ही मालिका त्याच वर्षी, १५ भागांनंतर, संपली. कीर्ती ओसरलेला अमेरिकन फुटबॉलपटू बॉबी टॅनन (रायन ओ’नील) एका काल्पनिक क्रीडावाहिनीवर गेल रॉबर्ट्‌सचा (फॅरा फॉसेट) सहनिवेदक होतो. दोघांच्या जुन्या प्रणयाची स्मृती तिला आहे, त्याला नाही. या भूमिका करणारे नट व नटी प्रत्यक्ष जीवनातही सहचर होते. साहजिकच कथेचा भार प्रणयकलहावर पडला. बॉबीच्या जागी एखादा निवृत्त गायक बसविला तरी या रचनेला फारसा धक्का पोचणार नाही. तिचे मुख्य वैगुण्य हेच होय. नायकाचा व्यवसाय येथे अलंकार आहे, आशय नाही.

याउलट मराठीतील उदाहरण पाहावे. महाराष्ट्राच्या संघातून क्रिकेट खेळलेले बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) यांचे नाव आकाशवाणीवरील मराठी धावत्या समालोचनाशी कायमचे निगडित आहे. नभोवाणीच्या श्रोत्यापुढे चित्र नसते. म्हणून समालोचकाला मैदान शब्दांनीच उभारावे लागते. मराठीपाशी त्यासाठी जी परिभाषा आली तीही विचार करण्याजोगी आहे. ‘गोलंदाज’ हा शब्द तोफखान्यातील. ‘फलंदाज’ त्याच धर्तीचा. ‘त्रिफळाचीत’, ‘पायचीत’, ‘धावचीत’ यांतील ‘चीत’ आखाड्यातील. प्रवरेच्या काठच्या अकोल्यासारख्या डोंगरी तालुक्यात, जेथून कसोटीचे मैदान दूर होते, तेथेही जत्रेतील कुस्तीचा फड पाहिलेल्या श्रोत्याला ‘चीत’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. परका खेळ परिचित शब्दाच्या आधाराने त्याच्या घरी पोचला.

दूरचित्रवाणीवर हा भार हलका होतो. चेंडू कोठे गेला हे प्रेक्षक स्वतःच पाहतो. निवेदकाचे शब्द पुष्कळदा अनावश्यक ठरतात आणि उरतो तो त्याचा प्रसिद्ध चेहरा. बॉबीला खुर्ची मिळते ती याच चेहऱ्यामुळे. मालिकेने या विसंगतीला मध्यवर्ती स्थान दिले असते, तर ज्याने खेळ जाणला पण सांगण्याची भाषा ज्याला गवसली नाही, अशा माणसाचे हास्य व करुण एकत्र दिसले असते.

विनोदी मालिकेकडून व्यवसायाचे शास्त्र अपेक्षिणे अन्यायाचे होईल, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु विनोद विसंगतीवर जगतो, आणि विसंगती जितकी विशिष्ट तितका विनोद टिकाऊ. बेबनाव झालेले प्रेमिक कोठेही सापडतात. मैदानावर क्षणात निर्णय घेणारा, पण ध्वनिक्षेपकापुढे एका क्रियापदासाठी अडखळणारा माणूस मात्र याच व्यवसायात सापडतो. ‘गुड स्पोर्ट्‌स’पाशी तो होता, तिने त्याला बोलू दिले नाही.