मंदाग्नी

पुस्तकांवर टीका लिहावी एवढी माझी लायकी नाही. मी बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. आमची टीका व्हाउचरवर, तीही लाल शाईत. पण परवा एक पुस्तिका हाती आली आणि राहवेना. पानं बत्तीस, किंमत छापलेली नाही. कारण ती 'स्लो कुकर' नामक यंत्राबरोबर फुकट येते. यंत्र अमेरिकेतल्या मेव्हण्यानं आणलं. ते ११० व्होल्टचं आणि आपली वीज २३० ची! म्हणून एक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. तो कुकरपेक्षा जड आहे.

पान नऊवर 'साधे बटाटे' ही साइड डिश आहे. म्हणजे आपलं तोंडी लावणं. बटाटे चिरा, भांड्यात टाका, झाकण लावा आणि आठ तास खुशाल कामाला जा. शैली आटोपशीर, पाल्हाळ नाही. शिवाय आम्ही राहतो खराडीत. खिडकीतून आयटी पार्कच्या काचा दिसतात. तिथं रात्रभर अमेरिकेचं घड्याळ चालतं, तर आमच्या ओट्यावर अमेरिकेचा कुकर चालायला काय हरकत?

हेतूही उदात्त होता. सौ. शाळेत शिकवते. पहाटे पाचला उठून दोन डबे करते, एक तिचा आणि एक माझा. मी साडेसहाला उठतो आणि "चहा?" असं विचारतो. यंत्रामुळे तिची थोडी झोप वाचेल, असं मला मनापासून वाटलं. माझी झोप न मोडता वाचेल, हे आणखी बरं.

रात्री दहाला फोडी घातल्या. तेल, मोहरी, हळद, तिखट, मीठ, वर एका लिंबाचा रस. सकाळी सहाला झाकण काढलं. फोडी पाण्यात पोहत होत्या आणि तरी कचकचीत! मोहरी तळाशी गाढ झोपलेली.

आता जरा गंभीर समीक्षा. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही; लिंबू शेवटीच पिळायचं असतं. घट्ट झाकणाखालची वाफ पुन्हा आतच पडते, म्हणून सुकी भाजी सुकत नाही. आणि मोहरी तडतडायला तेल कडकडीत तापावं लागतं. हे यंत्र उकळीच्या पुढं जातच नाही. त्यात यंत्राच्या बुडावर २०० वॅट लिहिलंय. आठ तासांचे १.६ युनिट झाले. जमेच्या बाजूला शून्य.

यंत्राचा दोष नाही. अर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यांच्या आईच्या लिथुआनियातल्या गावी ज्यू मंडळी शुक्रवारी संध्याकाळी मांसाची आणि कडधान्याची हंडी बेकरीच्या भट्टीत ठेवत. कारण शनिवारी चूल पेटवायची नाही. विझत्या भट्टीवर ती रात्रभर शिजे. त्या हंडीला हे यंत्र शोभतं. ज्याला चूल पेटवायचीच नाही त्याच्यासाठी ते काढलंय. आपल्या भाजीची सुरुवातच फोडणीनं होते!

इथं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आठवतं. ते १९७० साली आलं आणि त्यातली मापं वाटी-चमच्याची, म्हणजे ज्याच्या-त्याच्या घरातली. ते पुस्तक धरून चालतं की ओट्याशी कुणीतरी उभं आहे. आमची पुस्तिका धरून चालते की घरात कुणीच नाही. हाच या दोन ग्रंथांतला मूलभूत भेद.

त्या दिवशी ओट्याशी मी उभा राहिलो. सौ. खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. बटाट्याच्या पातळ काचऱ्या केल्या, हिंग-मोहरीची फोडणी, वर झाकण आणि झाकणात पाणी. भाजी बारा मिनिटांत झाली. अठरा वर्षं डबा खाल्ला, पण हे बारा मिनिटांचं काम आहे हे ठाऊक नव्हतं. आणि अशी कितीतरी बारा मिनिटं ती रोज पहाटे एकटी जोडत होती, हेही नाही.

यंत्र सध्या माळ्यावर आहे. ट्रान्सफॉर्मर वर चढवायला दोन माणसं लागली. डब्याची भाजी आता माझ्याकडे. सौ. निवांत सहाला उठते, स्वयंपाकघरात डोकावते आणि विचारते, "चहा?"