कृतीचा ताळा आणि रमाबाईंच्या ‘आठवणी’

पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या भाषणावरून न करता आचरणावरून करावी, हे मुलांस शिकविले पाहिजे, याविषयी मतभेद नाही. परंतु ते शिकवावयाचे कसे, हा प्रश्न निघाला म्हणजे बहुतेक जण सुभाषितापलीकडे जात नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या शुक्रवार पेठेत आश्वासनांचा गजर सुरू झाला की मुले विचारतात, “यांतला खरा कोण?” आणि वडीलधारी माणसे उत्तर देतात, “सगळे सारखेच!” ही परीक्षा नव्हे, परीक्षा टाळण्याची सबब होय. अशा मुलांच्या हाती आम्ही रमाबाई रानडे यांचे 1910 साली प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक देऊ.

हे पुस्तक पतिनिष्ठेचा आदर्श म्हणून वाचण्याची वहिवाट आहे. आमच्या मते त्याचे मोल निराळे आहे. सार्वजनिक पुरुषाच्या कृती येथे घराच्या आतून दिसतात, आणि त्या सांगते कोण, तर त्यांतील एका कृतीचा भार जिच्यावर पडला ती स्वतः.

न्यायमूर्ती रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते आता विधवेशीच विवाह करतील अशी सुधारक स्नेह्यांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. ती मुलगी म्हणजेच रमाबाई. पुढे 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण उद्भवले, त्यातही रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. या दोन्ही गोष्टी रमाबाईंनी लपविलेल्या नाहीत.

एवढे ऐकून एखादे चलाख मूल म्हणेल, “म्हणजे हेही बोलघेवडेच!” शिक्षकाने त्यास दटावू नये, पण तेथेच थांबूही देऊ नये. याच रानड्यांनी लग्न होताच त्या निरक्षर मुलीस स्वतः अक्षरओळख करून दिली आणि घरातील बायकांचा रोष असतानाही तिचे शिक्षण वर्षानुवर्षे चालविले. त्याच शिक्षणाच्या बळावर रमाबाईंनी 1909 साली पुण्यास सेवासदन उभारले. मग या दुसऱ्या कृतीने पहिली धुऊन निघाली काय? आमचे उत्तर, नाही. कृती ही वहीतील जमाखर्चाप्रमाणे एकीतून दुसरी वजा करता येत नाही. दोन्ही नोंदी शाबूत ठेवूनच माणूस वाचावा लागतो.

येथे धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण शेजारी ठेवावे. 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बोलल्याप्रमाणे ते चालले आणि त्याची किंमत त्यांनी भोगली. रानड्यांच्या माघारीची किंमत मात्र एका अजाण मुलीने भरली. हा भेद मुलास कळला म्हणजे त्याच्या हाती तीन प्रश्न येतात: जे केले नाही, ते करणे त्या माणसाच्या हाती होते काय? जे केले, त्याची किंमत कोणी मोजली? आणि पाऊल चुकल्यावर पुढे त्याने काय केले?

पुस्तकात उणीव नाही असे नाही. लेखिकेची भक्ती इतकी गाढ आहे की पतीला दोष देण्याची वेळ आली की लेखणी परिस्थितीकडे वळते. अकरा वर्षांच्या त्या मुलीस काय वाटले असेल, हे ओळींमधून काढावे लागते. येथे शिक्षकाची मदत हवी. मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत बहुधा फक्त उजळ बाजू असते. तसल्या चरित्रावर वाढलेले मूल पहिली विसंगती दिसताच श्रद्धेवरून थेट तुच्छतेवर जाते, आणि तुच्छता ही श्रद्धेइतकीच आंधळी असते.

आमच्या सोलापुरास पाठ दूर शोधावयास नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांस हार घालून भाषणे होतात. मुलास तेथे अवश्य न्यावे. किंमत कोणी मोजली, हे त्यास पुतळ्यांकडे पाहून कळेल. मग हार घालणाऱ्याविषयी त्याने पहिला प्रश्न विचारावा: याच्या हाती काय होते, आणि त्यातले याने काय केले? पेठेतील नळास किती दिवसांनी पाणी येते, हे मोजावयास इयत्ता तिसरीचे अंकगणित पुरे आहे.