शुल्बसूत्रांचें वाचन आणि दोरी

शुल्बसूत्रांवरील अर्वाचीन चर्चेस थीबो यांच्या १८७५ च्या निबंधानें दिशा दिली. विभूतिभूषण दत्त यांचा १९३२ चा ग्रंथ आजहि अभ्यासकांस टाळतां येत नाहीं. उभयतांचें ऋण मानूनच आम्ही एक आक्षेप नोंदवितों. सूत्रांतील कृति बीजगणिताच्या चिन्हांत उतरविली म्हणजे फल हातीं येतें, परंतु क्रिया हरवते.

आपस्तंबाची सौमिकी वेदि घ्यावी. पूर्वपश्चिम लांबी ३६, पश्चिमेची बाजू ३० व पूर्वेची २४. चिन्हांनीं वाचणारा येथें १५, ३६, ३९ हा काटकोन त्रिकोण दाखवून पुढें जातो. सूत्रकार मात्र ३६ च्या दोरींत १८ मिळवून तिच्या पश्चिम टोकापासून १२ व १५ वर खुणा करावयास सांगतो. टोकें पृष्ठ्येच्या शंकूंस अडकवून १५ च्या खुणेनें दोरी दक्षिणेस ताणली कीं एक श्रोणि मिळते, उत्तरेस दुसरी. मग टोकांची अदलाबदल करून ताणावयाचें १५ च्याच खुणेनें, परंतु अंसाचा शंकु ठोकावयाचा १२ वर. एकच दोरी चारहि कोन देते! हें कौशल्य समीकरणांत दिसत नाहीं.

वितीचें माप धरून आम्हीं ही वेदि अंगणांत आंखून पाहिली. श्रोणीचे १५ व समोरच्या अंसाचे १२ मिळून २७ होतात. म्हणून दोन्ही कर्ण ४५ भरले पाहिजेत. प्रथम ते जुळले नाहींत, कारण आमची सुतळी ताणानें वाढत होती. घट्ट पिळाची दोरी घेतल्यावर जुळले. दोरीचा गुण हाहि या शास्त्राचा भाग आहे, हें आम्हांस पुस्तकानें नव्हे, हातानें शिकविलें.

याच कसोटीनें अतिस्तुतीहि टिकत नाहीं. चौरसाचें वर्तुळ करण्याचा बौधायनाचा नियम कित्येक अभिमानी लेखक अचूक म्हणून मिरवितात. वस्तुतः त्यानें क्षेत्रफळ शेंकडा सुमारें १.७ नें वाढतें. कामापुरतें तें पुरेसें आहे. सूत्रकारास खोटा मोठेपणा नको.

पोथीसंग्राहकांस आमची विनंति एवढीच. शुल्बटीकेच्या पोथींत आकृति आढळल्यास सूचींत केवळ 'सचित्र' असें लिहून थांबूं नये. शंकु कोठें, खुणा किती, कोणती रेघ आधीं, हें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. पट्टीनें सुबक केलेली आकृति छापखान्यास सोईची खरी. परंतु आंखणाराचा क्रम तींत पुसला जातो, आणि पोथी जीर्ण झाल्यावर तो पुन्हां मिळावयाचा नाहीं.