षड्ज कोणाचा?

संगीत-तंत्रज्ञानातल्या संशोधनाचं जाळं म्हटलं की आपण विद्यापीठं मोजतो. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांनी २०११ मध्ये 'कॉम्पम्युझिक' प्रकल्प सुरू केला. त्यात आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रासही होत्या.

आम्हाला त्याचं मोल वेगळ्याच ठिकाणी दिसतं. आपल्याकडे गायकागणिक षड्ज बदलतो. तो आधी शोधल्याशिवाय संगणकाला रे कुठला, ग कुठला, कळत नाही. म्हणजे इथे संगीतानं तंत्राला त्याचा प्रश्नच बदलायला लावला!

पण अशा प्रत्येक प्रकल्पाला आमचं एक विचारणं आहे. ध्वनिमुद्रण ऐकून सम कुठे पडली याची खूण करणारा तबलावादक सहसंशोधक, की नुसता माहिती पुरवणारा? शोधनिबंधावर त्याचं नाव नसेल, तर जाळं विणलं खरं, पण गाठ कच्चीच राहिली.