दत्तक कोण कोणाला घेतं?

आजच्या विषयात संयोजकांनी 'भागीदारी' हा शब्द घातलाय. सार्वजनिक विद्यापीठ आणि समाज यांची भागीदारी. शब्द चांगला आहे. पण आमच्या विद्यापीठांच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं दुसरेच शब्द नांदतायत, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाची खोड अशी की तो आधी शब्दच धरून बसतो.

पहिला शब्द 'दत्तक'. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, सात दिवसांचं शिबिर आणि एक दत्तक गाव. २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान आलं, तिथेही संस्थेने किमान पाच गावं दत्तक घ्यायची. आता बघा, दत्तक घेतात कोणाला? लहान पोराला. त्याला कोणी विचारत नाही, त्याचं नाव बदलतं, घर बदलतं. आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या, पाणी वाटून घेणाऱ्या गावाला एकोणीस वर्षांची मुलं दत्तक घेतात! मुलांचा दोष नाही. शिबिरातून वेगळीच होऊन आलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत. पण मग नीट पाहा, बदललं कोण? मुलं. शिकवलं कोणी? गावाने. अहवालात मात्र 'लाभार्थी' म्हणून नाव गावाचं.

दुसरा शब्द 'विस्तार'. अध्यापन, संशोधन आणि तिसरं काम विस्तार, अशी आपल्या उच्चशिक्षणाची भाषा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळही आहे. पावलो फ्रेरी चिलीत शेतकऱ्यांमध्ये काम करत होते, तेव्हा त्यांनी नेमक्या याच शब्दावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विस्तार करणारा आपल्याकडचं काहीतरी उचलून तिकडे नेतो, म्हणजे तिकडचा माणूस रिकामं भांडं ठरतो. ज्ञान असं पोचवता येत नाही, ते दोघांच्या संवादात घडतं.

हे मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. संवाद ही शेवटी सुशिक्षिताची सज्जनता राहते. आज केला, उद्या नाही केला. इथे आपल्याला फुल्यांकडे यावं लागतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी हिशेबच मांडला: महसूल येतो रयतेच्या श्रमातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे. म्हणजे आपण ज्याला सेवा म्हणतो ती मुळात देणं आहे. सेवा करणारा मनात आलं की थांबतो. देणेकऱ्याला ती मोकळीक नसते.

हे वेगळं कुठे दिसतं? गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. तिथे अभ्यासगट चालतात. विषय गावाचा, बैठक गावाची, बाहेरचा तज्ज्ञ आला तर पाहुणा म्हणून. अभ्यासगटात नुसती चर्चा. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार. योगायोग असा की त्याच २०११ मध्ये त्याच जिल्ह्यात गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं.

आता दोन शब्द शेजारी ठेवा. गावात 'अभ्यासगट', विद्यापीठात 'अभ्यासमंडळ'. गावाच्या गटात प्राध्यापकाला जागा आहे. उद्योगातला जाणकार आमच्या अभ्यासमंडळावर असावा, हे आता सगळ्यांना मान्य झालंय. पण ज्या ग्रामसभेने जंगल सांभाळून दाखवलं, तिच्यातला माणूस वनस्पतिशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अभ्यासमंडळावर बसलेला मी तरी पाहिलेला नाही. माझी परस्परतेची कसोटी एवढीच आहे. गावाकडून आलेल्या गोष्टीने विद्यापीठाचं आतलं काही बदललं का? अभ्यासक्रम, परीक्षेतला प्रश्न, काहीतरी?

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. 'गाव' म्हणजे कोण? सगळी गावं मेंढा नाहीत. सरपंचाच्या ओसरीवर बसून जे कळतं, त्यात दलित वस्तीचा नळ येत नाही. उद्या गावच म्हणालं, जातीचा प्रश्न विचारू नका, तर विद्यापीठाने गप्प बसायचं? नाही. विद्यापीठालाही 'नाही' म्हणता आलं पाहिजे. पण आजची अडचण त्याच्या उलट आहे. विद्यापीठ केव्हाही 'नाही' म्हणू शकतं. गावाला ती सोय नाही. प्राचार्यांच्या पत्रावर ग्रामसेवकाची सही झाली की गाव दत्तक गेलं.

आणि हे आता तातडीचं झालंय. नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना क्रेडिट आली. पोरांच्या झुंडी प्रश्नावल्या घेऊन दारोदार जाणार. निंदणीच्या दिवसांत बाईने अर्धा तास उत्तरं द्यायची. क्रेडिट मुलाला, पेपर प्राध्यापकाच्या नावावर. ती उत्तरं पुढे गेली कुठे, हे तिला कोण सांगतं?

म्हणून माझं मागणं अगदी कारकुनी आहे. गावाने ठरावाने होकार दिल्याशिवाय प्रकल्प सुरू करू नये. निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत, गडचिरोलीत तर गोंडीतून. महिलांच्या सभेत वेगळे वाचावेत, वस्तीवर वेगळे. लोकांना जे पटलं नाही ते त्यांच्याच शब्दांत अहवालाला जोडावं. आणि त्यानंतरच क्रेडिट द्यावीत. याने प्रकल्पांची संख्या घटेल, मूल्यांकनाच्या फायली बारीक होतील, कुलगुरूंना त्रास होईल. होऊ दे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.